अर्जावरची ‘आनुवंशिक आजार’ ही ओळ: वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

प्रति,
वधू-वर सूचक मंडळांचे संचालक आणि मेळाव्यांचे संयोजक
(महाराष्ट्र, गोवा, इंदूर, बडोदे, बेळगाव आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळे)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नोंदणी अर्जावर रास, नक्षत्र, नाड, रक्तगट यांच्या खाली कुठेतरी ‘घराण्यात आनुवंशिक आजार किंवा त्वचारोग असल्यास’ अशी एक ओळ असते. छापील अर्जात नसली तरी फोनवर ती विचारली जातेच. त्या ओळीपुढे कुणी प्रामाणिकपणे ‘आईला पेम्फिगस आहे’ असे लिहिले, की त्या स्थळाचे पुढे काय होते ते तुम्ही आमच्यापेक्षा जवळून पाहता. त्यात आता घरबसल्या लाळेच्या नमुन्यावरून ‘जनुकीय कुंडली’ काढून मिळू लागल्याने, ‘मुलीची एचएलए तपासणी (रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांची) करून घेऊ या, म्हणजे शंका नको’ असेही सुचवले जाते.

आम्ही त्वचारोग, रोगप्रतिकारशास्त्र आणि जनुकीय समुपदेशन या क्षेत्रांत काम करणारी माणसे आहोत. पेम्फिगस या त्वचेवर आणि तोंडात फोड आणणाऱ्या आजारात वारशाने येते ती प्रवणता, म्हणजे आजाराकडे असलेला कल; आजार येत नाही. त्या प्रवणतेवरून स्थळाबद्दल उपयोगाचे काहीच कळत नाही. म्हणून ती ओळ अर्जातून काढावी, ही आमची विनंती. पण ओळ काढली म्हणून पालकांचे प्रश्न थांबणार नाहीत. ते तुमच्याकडेच येणार, तेव्हा उत्तरे तुमच्या हाताशी असावीत म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

आधी आजाराबद्दल. त्वचेचा वरचा भाग गोधडीसारखा असतो. पेशींचे थर एकमेकांना टाक्यांनी धरलेले. या टाक्यांतला एक महत्त्वाचा धागा म्हणजे डेस्मोग्लीन हे प्रथिन. पेम्फिगस व्हल्गॅरिस या पेम्फिगसच्या मुख्य प्रकारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीन ३ विरुद्ध, आणि पुष्कळदा डेस्मोग्लीन १ विरुद्धही, प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करते. टाके उसवतात, थर सुटतात, मध्ये पाणी साचते. फोड सैल असतो, लगेच फुटतो आणि मागे ओली, झोंबणारी जखम राहते. तोंडाच्या अस्तरात डेस्मोग्लीन ३ वरच सगळी भिस्त असल्याने बहुतेकांत सुरुवात तोंडात होते. ‘तोंड आलंय’ म्हणून आधी बी-कॉम्प्लेक्स, मग सब्जा आणि गुलकंद, मग दात काढणे, असे महिने जातात. अंगावर फोड आले की ‘नागीण’ म्हणून आणखी काही आठवडे. हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, ताटाने, अंथरुणाने, शरीरसंबंधाने तो पसरत नाही. शरीराची स्वतःची प्रतिपिंडेच हे करतात, हे १९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी दाखवले, त्यालाही आता साठ वर्षे उलटली.

आता ‘आनुवंशिक’ या शब्दाकडे येऊ.

एचएलए नावाची जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असतात. त्यांच्यापासून बनणारे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर बसतात. प्रत्येकाला एक खाच असते. शरीरातल्या प्रथिनांचे तुकडे त्या खाचेत ठेवून रोगप्रतिकार पेशींना दाखवणे हे त्यांचे काम. खाचेचा आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणूनच अवयव प्रत्यारोपणाआधी तो जुळवून पाहतात. काही आकारांच्या खाचांत डेस्मोग्लीन ३ चे तुकडे चांगले बसतात. अश्केनाझी (मूळच्या युरोपातल्या) ज्यू रुग्णांत तो प्रकार आहे डीआरबी१*०४:०२; यात आधी जनुकाचे नाव, मग त्याच्या प्रकाराचा क्रमांक. भारतीय रुग्णांत डीक्यूबी१*०५:०३ आणि त्याच्या सोबतीने वारशात येणारे डीआरबी१*१४ चे प्रकार, त्यातही १४:०४, जास्त सापडतात. फरक किती बारीक असतो पाहा: डीक्यूबी१*०५:०१ आणि ०५:०३ यांत प्रथिनाच्या साखळीतल्या सत्तावन्नाव्या जागेवर व्हॅलिन या घटकाऐवजी अस्पार्टिक आम्ल, एवढेच. आणि हे प्रकार कुणा एका जातीचे, पोटजातीचे किंवा प्रांताचे नाहीत. डीआरबी१*१४ आणि डीक्यूबी१*०५:०३ ही जोडी इटली, इराण, पाकिस्तान आणि जपानच्या रुग्णांतही नोंदली गेली आहे. ‘आमच्यात हा आजार नसतो’ या वाक्याला शास्त्रात आधार नाही.

असा प्रकार अंगी असला म्हणजे आजार होणार का? इथे थोडे गणित करावे लागेल. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या पाहणीत पेम्फिगसचे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला ४.४ नवे रुग्ण आढळले. समजा, एखाद्या दहा लाखांच्या वस्तीत दहा टक्के लोकांत, म्हणजे एक लाख लोकांत, धोक्याचा एचएलए प्रकार आहे. हा दहाचा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे. आणखी कडक होऊन असेही धरू की आजार होणारे सगळे या एक लाखातलेच. तरीही त्या प्रकाराच्या माणसाला एका वर्षात आजार होण्याची शक्यता सुमारे २३ हजारांत एक येते. चाळीस वर्षांची बेरीज केली तर लाखात १७६. उरलेले ९९ हजार ८२४ जण हा प्रकार घेऊन जगतात, म्हातारे होतात आणि पेम्फिगस हा शब्दही त्यांच्या कानावर पडत नाही. आई रुग्ण असेल आणि तिच्याकडे त्या प्रकाराची एकच प्रत असेल, तर ती मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी; आणि गेली तरी पुढचा हिशेब जवळपास हाच. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात धोका थोडा जास्त धरला तरी आई आणि मूल दोघांनाही पेम्फिगस असणे इतके विरळ आहे, की अशी कुटुंबे वैद्यकीय नियतकालिकांत एकेक करून छापली जातात.

मग बाकीचे काय लागते? बऱ्याच रुग्णांत ते सापडतच नाही. काहींत औषध कारण ठरते. पेनिसिलामाइन आणि कॅप्टोप्रिल ही जुनी, ठाऊक असलेली नावे. सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथल्या माटो ग्रोसो डो सुल राज्यात, तेरेना आदिवासींच्या लिमाओ व्हेर्दे या वस्तीत, पेम्फिगसचाच एक भाऊबंद सुमारे ३ टक्के लोकांना होतो. जगात कुठेच नसेल इतके हे प्रमाण. तिथेही काही ठरावीक एचएलए प्रकार रुग्णांत जास्त आहेत, पण संशय आहे तो चावणाऱ्या माश्यांच्या लाळेवर. त्याच वस्तीतल्या धडधाकट लोकांच्या रक्तातही डेस्मोग्लीन १ विरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. म्हणजे जनुके तीच, माश्या त्याच, प्रतिपिंडेही आहेत, आणि तरी बहुतेकांना फोड नाहीत. (कांदा-लसणाबद्दलही शंका घेतली गेली आहे; पुरावा इतका तोकडा आहे की घरादाराचा लसूण बंद करण्याची गरज नाही.)

एक तुलना तुमच्या विचारासाठी. हाशिमोटो थायरॉइड, संधिवात आणि लहानपणीचा मधुमेह यांतही एचएलएची अशीच प्रवणता असते, आणि हे आजार पेम्फिगसच्या कितीतरी पट जास्त आढळतात. मुलीच्या मावशीला थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून स्थळ परत आले, असे किती वेळा होते? त्वचा डोळ्याला दिसते, थायरॉइड दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तरीही कुणी एचएलए तपासणीचा आग्रह धरलाच, तर अहवालात नेमके काय चुकते तेही माहीत असावे. स्वस्त तपासणीत ‘डीआरबी१*०४’ एवढेच लिहून येते. पेम्फिगसशी संबंध ०४:०२ चा आहे. ०४:०१ आणि ०४:०५ हे संधिवाताशी जोडले जातात. चार अंकांशिवायचा अहवाल म्हणजे घरक्रमांक नसलेला पत्ता. जुन्या अहवालांत डीआरबी१*१४:०१ लिहिलेले पुष्कळदा खरे १४:५४ असते, कारण तेव्हाच्या पद्धती जनुकाचा एकच भाग वाचत आणि या दोहोंतला फरक त्या भागाबाहेर आहे. घरपोच किटचे तर बोलायलाच नको. ती एचएलए थेट वाचत नाहीत, आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधतात, आणि ज्या लोकसमूहांची नमुनासूची तुटपुंजी आहे त्यांच्यासाठी तो अंदाज जास्त चुकतो. काही अहवालांत ‘एसटी१८’ नावाच्या आणखी एका जनुकाचा उल्लेख येतो. त्यातल्या एका बदलामुळे धोका सहापट होतो, हे २०१२ मध्ये ज्यू आणि इजिप्शियन रुग्णांत आढळले. जर्मन रुग्णांत तो संबंध दिसलाच नाही. तो आकडा सातारच्या किंवा मडगावच्या मुलीला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एचएलए अहवाल एकट्या मुलीचा नसतो. आई आणि वडील यांच्याकडून एकेक संच येत असल्याने सख्ख्या भावंडांत दोन्ही संच तेच असण्याची शक्यता २५ टक्के, एक संच समान असण्याची ५० टक्के. तिचा कागद हातात आला की तिच्या धाकट्या भावाबद्दलही अर्धवट माहिती तुमच्या कपाटात आली, आणि त्याला कुणी विचारलेलेही नाही.

एचएलएऐवजी ‘निदान रक्तातली प्रतिपिंडे तरी तपासा’ असा एक मधला मार्ग काढला जातो. तोही फसवा. डेस्मोग्लीन ३ विरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी एलायझा ही रक्ततपासणी आजाराच्या निदानासाठी उत्तम आहे. नेहमीच्या किटमध्ये २० युनिटच्या वर सकारात्मक धरतात. पण रुग्णाच्या निरोगी आई-वडिलांत, भावंडांत, मुलांत ही प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात सापडतात, हे अनेकदा दिसून आले आहे. रुग्णाच्या रक्तात आयजीजी४ जातीची प्रतिपिंडे महत्त्वाची असतात. निरोगी नातेवाइकांत आढळतात ती मुख्यत्वे आयजीजी१, जी फोड आणत नाहीत. नेहमीचा अहवाल ही जात सांगत नाही. परिणाम असा, की एका निरोगी मुलीच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ शिक्का असलेला कागद येतो आणि तो तिला आयुष्यभर पुरतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे फोडांचे सगळेच आजार निर्धोक? तसे नाही, आणि या पत्रातला हा भाग कृपया दोनदा वाचावा. ‘पेम्फिगस’ हेच नाव मिरवणारा एक आजार खरोखर आनुवंशिक आहे. हेली-हेली आजार; १९३९ मध्ये हेली बंधूंनी वर्णन केला तो ‘कौटुंबिक सौम्य पेम्फिगस’ या नावाने, आणि ते नाव अजून काही कागदांवर येते. त्याचा प्रतिपिंडांशी काही संबंध नाही. एटीपी२सी१ या जनुकात बिघाड असतो. पेशीतला कॅल्शियमचा पंप नीट चालत नाही, टाके मुळातच कच्चे बनतात. विशी ते चाळिशीत मान, काखा, जांघा इथे ओल्या भेगा आणि फोड येतात, घामाने आणि घासण्याने वाढतात; मे महिन्यात जास्त त्रास. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता. जिवावर बेतणारा नाही, पण कटकटीचा.

दुसरा गट एपिडर्मोलिसिस बुलोसाचा. इथे फोड जन्मतः किंवा तान्हेपणी सुरू होतात; हात लावेल तिथे कातडी सुटते. यातले काही प्रकार एका पालकाकडून येतात. सर्वांत गंभीर प्रकारांपैकी एक, कोलेजन ७ च्या बिघाडाचा, दोन्ही पालक निरोगी वाहक असतील तर प्रत्येक अपत्यात २५ टक्के शक्यतेने येतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल काही समाजांत आजही आहे. अशा घरात तान्हेपणी फोडांनी गेलेले मूल असेल, तर लग्नाआधी जनुकीय समुपदेशकाकडे जाणे खरोखर गरजेचे आहे. पेम्फिगसपायी परक्या घरात नकार पाठवायचा आणि इथे ‘घरातलेच आहेत’ म्हणून डोळे मिटायचे, ही उलटी तऱ्हा आहे.

तिसरा गट आजी-आजोबांचा. साठीनंतर येणारे घट्ट, टणक फोड आणि त्याआधी महिनोन्‌महिने खाज, म्हणजे बहुधा बुलस पेम्फिगॉइड. गोधडीच्या उपमेत सांगायचे तर वरचे थर एकसंध राहतात, पण सगळी गोधडी खालच्या अस्तरापासून सुटते. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन आजार वेगळे आहेत हे १९५३ मध्ये वॉल्टर लिव्हर यांनी दाखवले. याचीही एचएलए प्रवणता आहे, डीक्यूबी१*०३:०१ ची. पण अनेकांत निमित्त ठरते मधुमेहाची ग्लिप्टिन गटातली गोळी. २०१९ च्या अखेरीस पेटंट संपल्यापासून त्यातलेच व्हिल्डाग्लिप्टिन आपल्याकडे स्वस्त झाले आणि घरोघर पोचले. आजोबांचे फोड वराच्या अर्जात लिहून घेण्याऐवजी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवली, तर निदान आजोबांचा तरी फायदा होईल.

हे आजार वेगळे कसे ओळखायचे, हे पालक तुम्हालाच विचारणार. उत्तर एका तपासणीत आहे. त्वचेचे दोन तुकडे घ्यावे लागतात. एक ताज्या, छोट्या फोडाच्या कडेचा; तो फॉर्मलिनमध्ये जातो. दुसरा फोडापासून एक सेंटिमीटरच्या आतल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा. तो प्रतिपिंडे टिकवणाऱ्या मिशेलच्या द्रावणात, किंवा चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचणार असेल तर साध्या सलाइनमध्ये. या दुसऱ्या तुकड्यावर इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी, करतात. पेम्फिगसमध्ये पेशींच्या कडा मासेमारीच्या जाळ्यासारख्या चमकतात, पेम्फिगॉइडमध्ये तळाशी एक सरळ रेघ चमकते, हेली-हेलीमध्ये काहीच चमकत नाही. मोठी चूक इथेच होते: दोन्ही तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले जातात. फॉर्मलिनमध्ये प्रतिपिंडे दिसेनाशी होतात, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, आणि स्वप्रतिकार आजाराच्या रुग्णाच्या माथी आनुवंशिक आजाराचे नाव बसू शकते. म्हणून जुना कागद दाखवून कुणी ‘आनुवंशिक’ म्हणत असेल, तर आधी विचारावे: इम्युनोफ्लुरोसन्सचा नमुना कशात पाठवला होता?

आता दुसरी बाजू. स्थळ खुद्द रुग्णाचे असेल तर? तिथे लपवाछपवी नको, हे आम्ही स्पष्टच सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवल्यास विवाह रद्द मागण्याची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी सांगायलाच हवे. मात्र ते सांगायचे दोघांनी एकमेकांना, बोलणी पुढे सरकल्यावर. छापील पुस्तिकेत नव्हे. आणि सांगताना एचएलएपेक्षा औषधांची यादी जास्त कामाची.

कारण मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न औषधांचाच असतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली पल्स पद्धत भारतात खूप वापरली गेली: तीन दिवस रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड शिरेतून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड हे रोगप्रतिकार दाबणारे औषध, दर २८ दिवसांनी, मधल्या काळात रोज ५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइडची गोळी. वर्षाचा हिशेब केला तर सायक्लोफॉस्फमाइड सुमारे २४ ग्रॅम होते. या औषधाने बीजकोश आणि शुक्रपेशी यांना इजा होते. वय आणि एकूण मात्रा जितकी जास्त, तितकी जास्त. म्हणूनच लग्न व्हायचे असलेल्यांसाठी याच पद्धतीत सायक्लोफॉस्फमाइडच्या जागी ॲझाथायोप्रिन हे रोगप्रतिकार दाबणारे दुसरे औषध देण्याची तजवीज केली गेली. ज्यांना ते औषध देणे टाळताच येत नाही अशा तरुणांनी सुरुवातीआधी शुक्राणू जतन करून ठेवावेत, मुलींनी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मायकोफेनोलेट हे त्याच कामाचे आणखी एक औषध गर्भाला घातक आहे. गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद व्हावे लागते. मेथोट्रेक्सेटही आधीच थांबवतात. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणात चालू ठेवता येतात. प्रतिपिंडांचा उगम असलेल्या बी पेशी कमी करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या माहितीपत्रकात शेवटच्या मात्रेनंतर बारा महिने गर्भनिरोध सांगितला आहे. कुणाला किती थांबायचे ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतात.

रिटुक्सिमॅबमुळे या आजाराचे चित्र बरेच पालटले आहे. पंधरा दिवसांच्या अंतराने एक-एक ग्रॅमच्या दोन मात्रा. त्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दोन वर्षांनी कसलेही औषध न घेता फोडांपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण रिटुक्सिमॅब गटात ८९ टक्के होते, केवळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत ३४ टक्के. आजार उलटू शकतो, म्हणून ‘कायमचा बरा’ असा शब्द आम्ही वापरत नाही. पण स्टिरॉइड येण्याआधी ज्या आजारात बहुतेक रुग्ण दगावत, त्यात आज औषधाविना वर्षानुवर्षे नोकरी-संसार करणारी माणसे आहेत.

आईचा आजार गरोदरपणी सक्रिय असेल तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळात जातात आणि बाळाला जन्मतः थोडे फोड दिसू शकतात. हेही ‘बघा, वारशाने आलेच’ म्हणून सांगितले जाते. ते चूक आहे. ती प्रतिपिंडे आईची आहेत, बाळ स्वतः ती बनवत नाही. ती काही आठवड्यांत विरतात आणि फोड जातात, परत येत नाहीत.

जनुकांची तपासणी रुग्णाच्या खरोखर कामी येते ती एका वेगळ्याच ठिकाणी, आणि तिचे नाव विवाहाच्या बोलण्यांत कधीच निघत नाही. ॲझाथायोप्रिन सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकांची चाचणी. पहिल्या जनुकातला एक बदल पूर्व आणि दक्षिण आशियात बऱ्यापैकी आढळतो. त्याच्या दोन्ही प्रती असतील तर नेहमीच्या मात्रेनेही काही आठवड्यांत केस भराभर गळतात आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात. अशांना हे औषध देऊच नये. एक प्रत असेल तर कमी मात्रेने सुरुवात. चाचणी शक्य नसेल तर पहिला महिना दर आठवड्याला रक्तगणना, आणि केस गळू लागले तर रविवार असला तरी डॉक्टरांना फोन. फोडांच्या आजारांत वापरले जाणारे डॅप्सोन देण्याआधी रक्तपेशींतले जी६पीडी हे विकर तपासतात, तेही याच जातीचे शहाणपण.

आणि मंडळांना जनुकांचा रकाना हवाच असेल, तर तो थॅलेसेमिया आणि सिकलसेलचा ठेवा. दोन्ही वाहक पालकांच्या प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका. एचपीएलसी नावाच्या एका रक्ततपासणीत वाहक कळतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत सिकलसेल हा रोजचा प्रश्न आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिथेही वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोघे वाहक असले तर समुपदेशन आणि गर्भारपणी तपासणीचा मार्ग आहे. लग्नाला मनाई नाही.

आता अर्जाचे. ‘घराण्यात आनुवंशिक आजार/त्वचारोग’ ही ओळ काढून तिच्या जागी असा मजकूर छापावा असे आम्ही सुचवतो: ‘थॅलेसेमिया व सिकलसेल वाहक तपासणी: केली आहे / करायची आहे. स्वतःला दीर्घकालीन आजार असल्यास ती माहिती बोलणी पुढे गेल्यावर उमेदवारांनी एकमेकांना द्यावी. मंडळ ती विचारत नाही व नोंदवत नाही.’ फोनवर बोलणाऱ्या स्वयंसेवकांना हा बदल वेगळा सांगावा लागेल. छापील प्रश्न गेला तरी तोंडी प्रश्न रेंगाळतो.

आधीच भरून घेतलेल्या अर्जांचे काय, हा प्रश्न उरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख असा, की माहिती ज्या हेतूसाठी संमती घेऊन घेतली त्याच हेतूपुरती वापरावी आणि तो संपला की पुसावी. ज्यांची लग्ने ठरली त्यांच्या अर्जांतली ही ओळ संगणकातून पुसून टाका, आणि एचएलएचे किंवा प्रतिपिंडांचे अहवाल कुणी जोडले असतील तर मूळ प्रत ज्याची त्याला परत द्या, झेरॉक्स फाडा. व्हॉट्सॲप गटांवर फिरलेले फोटो परत येणार नाहीत. निदान यापुढे ते मागू नका. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण संसदेने २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकले. त्यापुढे अर्जातली एक ओळ काढायला एका कार्यकारिणी बैठकीपेक्षा जास्त वेळ लागू नये. बैठकीत प्रश्न निघाले तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातून कुणाला तरी बोलवा; तासाभरात सगळे सांगून होते.

आपले,
त्वचारोग, रोगप्रतिकारशास्त्र आणि जनुकीय समुपदेशन या क्षेत्रांत काम करणारे काही जण